बाई, राजीनामा इतक्यात लिहू नका

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात सरकारी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय ३४. गेल्या सहा वर्षांत अकरा भयकथा लिहिल्या, त्यांतल्या दोन दिवाळी अंकांत आल्या. स्टीफन किंगविषयी वाचलं तेव्हापासून चैन नाही. तोही माझ्यासारखाच शाळामास्तर. त्यानं नोकरी सोडली आणि जगातला सर्वांत खपाचा भयकथाकार झाला. मीही राजीनामा देऊन वर्षभर फक्त कादंबरी लिहावी म्हणते. नवऱ्याचा विरोध नाही, सासूबाई मात्र त्या दिवसापासून बोलत नाहीत. टोपणनाव घ्यावं का? किंगचीच एखादी कादंबरी गोव्यात आणून लिहिली तर चालेल का? गावची हद्द राखणाऱ्या देवचारावर लिहिलं तर गाव दुखावेल का? सोबत नव्या कथेची पहिली आठ पानं जोडते आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बाई, किंगनं नोकरी सोडली हे खरं. पण कधी सोडली, ते तुमच्या नजरेतून निसटलं आहे आणि सगळी मेख तिथेच आहे.

तारखा ओळीनं लावून बघा. जन्म १९४७चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. दोन वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला, आईनं मिळेल ती कामं करून दोन मुलगे वाढवले. शाळकरी वयातच हा मासिकांना कथा पाठवू लागला. साभार परतीच्या चिठ्ठ्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचा. चौदाव्या वर्षापर्यंत खिळ्याला तो भार पेलेना, मग जाडजूड खिळा ठोकला. १९६७मध्ये पहिल्यांदा एका कथेचे ३५ डॉलर मिळाले. १९७०मध्ये पदवी झाली, पण शिक्षकाची जागा लगेच मिळाली नाही, म्हणून तासाला १ डॉलर ६० सेंटवर लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी धुतल्या. १९७१मध्ये लग्न आणि त्याच वर्षी शाळेत नोकरी, पगार वर्षाला ६,४०० डॉलर. घर म्हणजे चाकांवरचं. त्यात कपडे धुण्याच्या चिंचोळ्या खोलीत, मांडीवर लहान मुलाचं डेस्क ठेवून, बायकोच्या टाइपरायटरवर हा रात्री लिहायचा. कथेचा चेक आला की मुलांचं औषध यायचं.

‘कॅरी’ ही त्याची छापली गेलेली पहिली कादंबरी, लिहिलेली चौथी. पहिली तीन पानं त्यानं कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. बायकोनं, टॅबिथानं, ती उचलून सरळ केली आणि पुढे लिहायला लावलं. शाळेतल्या मुली आपसांत कशा वागतात हे त्याला ठाऊक नव्हतं, ते तिनं सांगितलं. १९७३च्या वसंतात प्रकाशकानं ती घेतली तेव्हा घरचा टेलिफोन बिल परवडत नाही म्हणून काढून टाकलेला होता. बातमी तारेनं आली. आगाऊ मानधन २,५०० डॉलर.

इथे जरा थांबा. पुस्तक स्वीकारलं गेलं, पैसे आले, तरी त्यानं राजीनामा दिला नाही. २,५०० डॉलर म्हणजे पाच महिन्यांचाही पगार नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांनी स्वस्त आवृत्तीचे हक्क ४ लाख डॉलरना विकले गेले. करारानुसार निम्मे प्रकाशकाचे, निम्मे त्याचे. २ लाखांना ६,४००नं भागा, एकतीस येतात. एकतीस वर्षांचा पगार एका फोनमध्ये (फोन तोवर परत आला होता) कळला, तेव्हा मास्तरकी सुटली. पुस्तक दुकानात यायला अजून वर्षभर होतं, ते एप्रिल १९७४मध्ये आलं. ज्या आईनं एवढं केलं ती त्याआधीच वारली होती.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. समजा तुमच्या कादंबरीची किंमत ३०० रुपये, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची, मानधन छापील किमतीच्या १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर हातात ३०,००० रुपये. करारात ‘छापील किमतीवर’ऐवजी ‘निव्वळ विक्रीवर’ असं असेल आणि विक्रेत्याची सूट ४० टक्के असेल, तर तीच रक्कम १८,०००वर येते. शिवाय हजार प्रती खपायला नवख्या लेखकाला दोन-तीन वर्षं लागली तर नवल नाही. तुमचा महिन्याचा पगार तुम्हाला माहीत आहे. मराठीत स्वस्त आवृत्तीचे हक्क लाखांत विकत घेणारा कोणी नाही, त्यामुळे किंगला आला तसा फोन तुम्हाला येणार नाही. असं सांगताना आम्हाला आनंद होत नाही, पण पुढची सगळी मांडणी याच आकड्यावर उभी आहे. रत्नाकर मतकरी १९७८पर्यंत, तब्बल वीस वर्षं, बँकेत नोकरी करत होते. त्यांच्या गूढकथा आणि नाटकं त्या काळातही येतच होती.

राहिला वेळेचा प्रश्न. किंग त्याच्या ऐन भरात रोज २,००० शब्द लिहायचा, तीन महिन्यांत १,८०,००० शब्दांचा खर्डा. तुम्ही ते माप घेऊ नका. मराठी भयकादंबरीला ६०,००० शब्द पुष्कळ झाले. रोज ५००, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला २,५०० आणि चोवीस आठवड्यांत खर्डा पुरा. पेपर तपासायचे आठवडे वजा करून आठ महिने धरा. सुट्टीच्या भरवशावर मात्र राहू नका. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत लिहीन असं ठरवणाऱ्या बाईला आम्ही एवढंच विचारू, की मग गणपतीवरची माटोळी बांधणार कोण आणि नेवऱ्या करणार कोण? शाळेच्या दिवसांतला ठरलेला एक तासच कामी येतो. खर्डा झाला की सहा आठवडे कपाटात ठेवा, त्याच्याकडे बघूही नका. पहिला खर्डा दार लावून लिहायचा आणि दुसरा दार उघडून, म्हणजे चार जणांना दाखवून, हे किंगचंच सांगणं. दुसऱ्या खर्ड्यात दहा टक्के कापायचे हेही त्याचंच. ६०,०००चे ५४,००० झाले पाहिजेत. तुमच्या आठ पानांकडे बघता तुम्हाला वीस टक्के कापावे लागतील.

त्या पानांकडेच वळू. कथा अशी सुरू होते : ‘अमावास्येची काळीकुट्ट रात्र होती. रातकिडे किर्रर्र करत होते. दूर कुठेतरी कोल्हा रडला आणि सुलभाच्या अंगावर सर्रकन काटा आला.’ यातलं प्रत्येक वाक्य वाचकानं आधी पन्नासदा वाचलेलं आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे सुलभा वाचकाआधी घाबरली. पात्राच्या अंगावर काटा आणला की वाचक आरामात मागे टेकून बसतो, त्याचं काम दुसऱ्यानं केलेलं असतं.

पान चारवर मात्र तुम्ही नकळत खरी कथा सुरू केली आहे : ‘रोट सकाळी तसाच होता. मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या.’

ही दोन वाक्यं का चालतात ते नीट बघा. गावच्या हद्दीवर राखणदारासाठी, म्हणजे देवचारासाठी, ठेवलेला रोट (जाड भाकरी) सकाळपर्यंत राहत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक. कुत्रं नेतं, कावळा नेतो, काही नाही तर मुंग्या असतातच. राखणदारानं घेतला असं मानणाराही खूश, न मानणाराही खूश. तो जसाच्या तसा राहिला, तर मानणाऱ्याला एक प्रश्न पडतो आणि न मानणाऱ्याला दुसरा, आणि दुसरा जास्त वाईट आहे : मुंग्यांना काय झालं? एकही विशेषण नाही, अंधार नाही, कोल्हा नाही, चक्क सकाळ आहे. कथा इथूनच सुरू करा. पहिली तीन पानं काढून टाका. त्यातली सुलभाच्या नोकरीची आणि माहेरची माहिती पुढे दोन-दोन ओळींत कुठेही बसेल.

पान सहावर पुन्हा घोटाळा आहे. ‘देवचार रागावला होता’ असं सांगून टाकलंत. कारण कळलं की भीती उतरते, ताप उतरावा तशी. ते वाक्य कथेच्या शेवटच्या चौथाईत न्या, किंवा नेऊच नका. पान सातवरचं फाटलेलं वासरू हा तिसऱ्या दर्जाचा माल. किंगनं भयाच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत : सगळ्यांत वर न दिसणाऱ्याची दहशत, मग दिसलेल्या गोष्टीचं भय आणि अगदी तळाला किळस. तो म्हणतो, दहशत जमली तर तेच करायचं, नाही जमलं तर भय आणि तेही नाही जमलं तर किळस, त्याची आपल्याला लाज नाही. पण तुम्हाला तर दहशत जमते आहे. मग वासरू कशाला?

सुलभाच्या मोबाइलला ‘रेंज नव्हती’ हेही आता पुरे. रेंज असू द्या. फोन लागू दे, पोलीस येऊ देत, जिप्सीतून उतरून टॉर्च मारू देत, पंचनामा करू देत. त्या पंचनाम्यात रोटाचा उल्लेख ‘एक भाकरी, ताजी’ असा येऊ दे, तिसऱ्या दिवशीच्या तारखेसह. ‘कॅरी’ मुळात आखूड होती. ती वाढवायला किंगनं मध्ये मध्ये बनावट बातम्या, चौकशी अहवाल, पुस्तकातले उतारे घातले. भरताड म्हणून घातलेल्या त्या कागदांनीच कादंबरीला खरेपणा आला. आपल्या गोव्यात कागदांना काय तोटा? ग्रामपंचायतीचा ठराव, कोमुनिदादच्या (जुन्या गावसंस्थेच्या) दप्तरातली नोंद, पोर्तुगीज अमदानीतलं विक्रीपत्र, देवळाच्या महाजनांची जुनी यादी, पेपरातली पाच ओळींची बातमी. कादंबरीत असे आठ-दहा कागद पुरेत, प्रत्येक दीड पानाच्या आत. कागदात भीतीचा एक शब्दही येता कामा नये, कारकुनाला भीती वाटत नसते.

देवचाराविषयी तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण इथेच बहुतेकांचं फसतं. पुण्या-मुंबईकडच्या भयकथेतला वेताळ हा भुतांचा राजा. तुमच्याच तालुक्यात आमोण्याला आणि खाली काणकोणात लोलयेला तो ग्रामदैवत आहे, त्याची पूजा होते, जत्रा भरते. नारायण धारपांनी (१९२५–२००८) ढिगानं लिहिलेलं वाचत आपण सगळे वाढलो, पण त्यांच्या ‘समर्थां’सारखा बाहेरून येऊन दुष्ट शक्तीचा बंदोबस्त करणारा पुरुष इथे आणला तर तो उपरा वाटेल. इथली व्यवस्था आधीच लावलेली आहे. हद्द आहे, हद्दीचा राखणदार आहे, त्याला सांगणारा घाडी आहे, गाऱ्हाणं आहे, ठरलेला मान आहे. देवचार म्हणजे भूत नव्हे. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, पेटती चूड, अशा वेशात तो रात्री हद्द फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. त्याला सोरो (दारू), विडी, रोट देतात ते लाच म्हणून नाही, कामाचा मोबदला म्हणून. असल्या माणसाला खलनायक केलंत तर गाव दुखावेल. आणि दुखावलं नाही तरी कथा लटकी पडेल, कारण ज्याच्यावर भरवसा आहे त्याची भीती बसत नाही.

मग भीती कशाची घालायची? त्यानं फिरणं थांबवलं याची. तुमच्या भागातल्या खाणी आठवा. सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ला ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून काम बंद झालं. मागे राहिले हिरव्या पाण्यानं भरलेले खड्डे, गंजलेले ट्रक, कामगारांच्या रिकाम्या चाळी. डोंगरच खणून बोटीत भरला, त्यात हद्दीचा दगडही गेला असेल, तर राखणदारानं फिरायचं कुठून कुठपर्यंत? हा प्रश्न तुमच्या कथेच्या पोटात आहे, तुम्ही त्याच्यावरून दोनदा चालत गेलात आणि दोन्ही वेळा कोल्ह्याकडे वळलात. गावाचं नाव मात्र खरं घालू नका. किंगनं मेनमधली आपली गावं कल्पनेनं वसवली, डेरी, कॅसल रॉक, आणि पन्नास वर्षं त्यांच्यावर लिहिलं. डिचोली आणि सत्तरीच्या मध्ये एक गाव वसवा. वाडे किती, देवळाकडून नदीला जायला किती मिनिटं, बस कितीला येते, याचा नकाशा काढून टेबलापाशी लावा. तिसऱ्या प्रकरणात ओढा पूर्वेला आणि विसाव्यात पश्चिमेला असं झालं की वाचकाचा विश्वास उडतो, मग भुतावर कसला बसणार?

रोट कोण करायचं, पीठ कुठलं, मीठ घालायचं की नाही, कुठल्या वारी ठेवायचा, ठेवून परतताना मागे का बघायचं नाही, हे पुस्तकात शोधू नका. प्रत्येक वाड्याचं निराळं असतं. सासूबाईंना विचारा. राजीनाम्याचा विषय न काढता विचारा, बोलतील. आणि त्या कोकणीत सांगतील ते संवादात तसंच कोकणीत ठेवा, कंसात अर्थ देत बसू नका. गोव्यातल्या मराठी वाचकाला त्याची गरज नाही, बाहेरच्याला अर्थ संदर्भानं कळतो.

किंगची कादंबरी गोव्यात आणण्याचा बेत सोडा. पूर्वी मराठीत परकी कथाबीजं सर्रास देशी वाड्यात नांदली, तो काळ वेगळा होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा हक्क मूळ लेखकाचा, तोही त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केलं. ‘गावात पिशाच येतं’ ही कल्पना कोणाचीही, पण पात्रं, प्रसंगांचा क्रम आणि कळसाचा प्रसंग उचललात तर लेखी परवानगी हवी. त्याच्याकडून घ्यायचीच तर रीत घ्या. वर्गात ड्रॅक्युला शिकवताना जेवणाच्या टेबलावर प्रश्न निघाला, तो आजच्या अमेरिकेत आला तर? त्यातून त्याची दुसरी कादंबरी निघाली. तुम्ही मराठी शिकवता. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या पाठाला असा प्रश्न विचारता येतो ते बघा.

टोपणनावाचं थोडक्यात. किंगनं १९७७ ते १९८४ या काळात रिचर्ड बाकमन या नावानं पाच पुस्तकं काढली. वर्षाला एकाहून जास्त पुस्तकं वाचक घेणार नाहीत असा प्रकाशकांचा समज होता आणि आपलं यश नशिबाचं की हुन्नराचं हे त्यालाही बघायचं होतं. १९८५मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका पुस्तकदुकानातल्या नोकरानं शैलीवरून ओळखलं आणि कॉपीराइटच्या सरकारी नोंदीत किंगचं नाव शोधून काढलं. तेव्हा टोपणनाव कागदावर टिकत नाही, डिचोलीत तर चार दिवसही टिकणार नाही. तरी घ्यायचं असेल तर घ्या, पण करार खऱ्या नावानं करा. नाव उघड झालं नाही तर हक्काची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, मृत्यूपासून नाही, म्हणजे वारसांचा तोटा. शाळेपासून लपवण्यासाठी घेत असाल तर गरज नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या आचरण नियमांत अधूनमधून केलेल्या साहित्यिक लेखनाला मुभा आहे, कामात मात्र कसूर होऊ देऊ नका. मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र देऊन पोच घेऊन ठेवा.

आणि लेखकाला दारू लागतेच, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. किंगला ‘कूजो’ ही कादंबरी लिहिल्याचं धड आठवतसुद्धा नाही इतकी प्यायची सवय होती. घरच्यांनी समोर बसवून सुनावलं तेव्हा सुटली आणि त्यानंतरची, म्हणजे एकूणातली निम्म्याहून जास्त, पुस्तकं त्यानं शुद्धीवर लिहिली.

कराराच्या कागदावर सही करण्याआधी चार गोष्टी पेन्सिलीनं खूण करा. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरतात, तरी ‘कायमस्वरूपी’ हा शब्द कुठे दडला आहे का बघा. असेल तर खोडा. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. प्रकाशकानं वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो तुमच्याकडे परत येतो, पण करारात त्याउलट अट घातलेली असली तर येत नाही, म्हणून ‘१२ महिन्यांत प्रकाशन’ असं स्पष्ट लिहून घ्या. ऑडिओबुक, चित्रपट, वेबमालिका आणि भाषांतराचे हक्क छापील पुस्तकाबरोबर एका ओळीत देऊन टाकू नका. आज पुस्तकापेक्षा भयकथा ऐकणारे पुष्कळ आहेत, ते पैसे वेगळे येतात. आणि छपाईचा खर्च तुमच्याकडे मागणारा प्रकाशक भेटला तर चहा पिऊन परत या.

कादंबरीच्या आधी ही कथा पुरी करा. ४,५०० शब्दांच्या आत बसवा. बरेच दिवाळी अंक मे-जूनपासून मजकूर घेऊ लागतात आणि ऑगस्टपर्यंत पानं भरलेली असतात, तेव्हा मेअखेरीस पाठवा. एका वेळी एकाच संपादकाला पाठवा, सोबतच्या पत्रात कथेचा सारांश नको. सहा आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा विचारा आणि नकार आला तर त्याच दिवशी पुढच्याला धाडा. खिळा जाड ठोका.